बेळगाव परिसर: एफएमजीई / नीट-पीजी देणाऱ्या मुलांसाठी रविवारचा अभ्यासगट – मतं हवीत

मलप्रभाकाठ (शनिवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजी शिकवत असे, आता निवृत्त. टिळकवाडीत राहते. ओळखीपाळखीतून हळूहळू मुलं घरी यायला लागली आहेत. बहुतेक जण रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तानातून डॉक्टर होऊन आलेले आणि एफएमजीईत (परदेशात शिकलेल्यांना इथे डॉक्टरकी करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा) अडकलेले. काही इथलेच, इंटर्नशिप करता करता नीट-पीजीची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, तयारी करणारे. खानापूर, निपाणी, चिक्कोडीचे आहेत, पलीकडच्या चंदगडचेही आहेत. आता एका संस्थेने रविवारी सकाळी खोली देऊ केली आहे. फळा आहे, पंखा चालतो.

प्रश्न असा की तिथे करायचं काय? लेक्चर मला द्यायचं नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये मॅरो नाहीतर प्रेपलॅडर हे शिकवणीचं ॲप आहेच आणि त्यातले शिक्षक माझ्यापेक्षा बरं शिकवतात.

मला जे दिसतंय ते वेगळंच आहे. परवा एकाला विचारलं: पन्नाशीचा माणूस, थकवा, पायांना मुंग्या, अंधारात तोल जातो. रक्ताच्या स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेला थेंब) मोठाल्या लाल पेशी आणि खूप खंड पडलेले न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशी. 'बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता' असं उत्तर पटकन आलं. बरोबरच आहे. मग म्हटलं, फोलेट का नाही? स्मिअर तर दोन्हींत सारखाच दिसतो. गप्प. मुंग्या आणि तोल (नसांचं हे दुखणं बी-१२ चं, फोलेटचं नव्हे) हा धागा धरायला हवा होता, तो हातात असून सुटला. रक्तातलं होमोसिस्टीन दोन्हींत वाढतं, मिथिलमॅलोनिक ॲसिड फक्त बी-१२ च्या कमतरतेत, हेही त्याने कधीतरी वाचलेलं होतं. आणि समजा या माणसाला नुसतंच फोलिक ॲसिड दिलं तर? हिमोग्लोबिन सुधारेल, घरचे खूश होतील आणि मज्जारज्जूची खराबी तशीच पुढे चालू राहील. हा प्रश्न परीक्षेत येवो न येवो, ओपीडीत येणारच.

म्हणजे व्हिडिओ पाहून झालेत, नोट्स रंगवून झाल्यात, पण समोर बसून 'बाकीचे तीन पर्याय का नाहीत?' असं विचारणारं कुणी नाही. रविवारी तेवढंच करावं असं मनात आहे. तुम्हाला काय वाटतं?

हिंडलगाकर (शनिवार, रात्री १०.३०)

मॅडम, हेतू उत्तम. पण थोडं कडू बोलतो, राग मानू नका. असे गट सुरू होताना पाहिलेत. महिनाभरात नुसता चहा उरतो. आणि एफएमजीई म्हणजे ३०० प्रश्न, त्यातले १५० बरोबर आले की पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. एवढी वर्षं वैद्यकीय शिकून निम्मे प्रश्न सुटत नसतील तर रविवारच्या दोन-तीन तासांनी काय होणार? (मी सर्जन आहे, स्वभाव तसाच.)

जांबोटी_घाट (शनिवार, रात्री ११.१५)

हिंडलगाकर सर, निम्मे हे ऐकायला सोपं वाटतं. मी ही परीक्षा देऊन आता इंटर्नशिप करतेय म्हणून लिहिते. बऱ्याच सत्रांत पास होणाऱ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास राहिलेलं आहे. बाकीचे ऐंशी टक्के ढ नसतात.

आमच्याकडे तिथे वॉर्डमध्ये पेशंटशी बोलायला स्थानिक भाषा हवी, ती मोडकीतोडकी. त्यामुळे हिस्टरी (पेशंटला विचारून आजाराची माहिती काढणं) आमचे सर घ्यायचे आणि आम्ही मागे उभे. पहिल्या वर्षी वाचलेली ॲनाटॉमी परत उघडायची ती थेट भारतात आल्यावर. आणि इथे १९ विषय एकाच दिवशी, दीडशे-दीडशे प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येकी १५० मिनिटं. मिनिटाला एक प्रश्न.

मुलं चुकतात कुठे, तर विषयांच्या वाटणीत. ३०० पैकी १०० प्रश्न प्री आणि पॅराक्लिनिकलचे, म्हणजे पेशंट बघण्याआधीच्या पायाभूत विषयांचे: ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. उरलेले २०० क्लिनिकल. त्यात मेडिसिन ३३, सर्जरी ३२, गायनॅक ३० आणि पीएसएम (सामुदायिक वैद्यकशास्त्र) ३०. हे चार विषय मिळूनच १२५ झाले. डोळे आणि ईएनटी प्रत्येकी १५, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास मेडिसिनइतकेच. तरी माझी रूममेट महिनाभर न्यूरोॲनाटॉमीतून बाहेर आली नव्हती आणि ईएनटीला शेवटचे दोन दिवस ठेवले होते!

मॅडम, मला असा गट मिळाला असता तर बरंच सोपं गेलं असतं. मी यायला तयार आहे, ड्युटी नसेल तेव्हा.

वडगावकर (रविवार, सकाळी ७.०५)

मॅडम नमस्कार. मी डॉक्टर न्हवे, पोरग्याचा बाप. पोरगं परीक्षेला बसलं, थोडक्यात गेलं. आता खोलीचं दार लावून बसतंय. अभ्यास करालोय म्हणतंय, मला तर फोनवर व्हिडिओच दिसालेत. गल्लीत कोण विचारलं, 'डॉक्टर झाला न्हवं?' की बाहेर पडायचंच बंद केलंय. त्याची आई जेवण दारात ठेवून येते. कर्ज काढून पाठवलंय हो. रागवावं का गप्प बसावं तेच कळेना झालंय.

मेंदूचा_भुगा (रविवार, सकाळी ९.२०)

वडगावकर काका, आधी तुमच्याशी बोलतो. मी मानसोपचारात पीजी करतोय. रागावू नका आणि रोज रात्री 'किती झालं?' असंही विचारू नका. रिझल्टची चौकशी करणाऱ्यांना तुम्हीच परस्पर उत्तर द्या, त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नका. जेवायला मात्र बाहेर बोलवा, रोज, सगळ्यांच्यात. झोप पार उलटीपालटी झाली असेल, खाणं सुटलं असेल किंवा 'माझ्यामुळे घर बुडालं' असलं काही बोलत असेल तर उशीर न करता डॉक्टरला दाखवा. फार निराशेचं, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलला तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कधीही फोन करा, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत.

आता मॅडमच्या मुद्द्यावर. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघताना 'हे येतंय की मला' असं जे वाटतं ना, तिथेच गाडी घसरते. तुमचा उलटतपासणीचा गट त्यावर नेमकं औषध आहे.

हिंडलगाकर (रविवार, सकाळी १०.००)

बरं. उलटतपासणी असेल तर माझा विरोध मागे. मीही महिन्यातून एकदा येईन. सर्जरीचे एक्स-रे आणि पोटदुखीच्या केसेस घेतो. पण उशिरा येणाऱ्याला दार बंद.

तालुक्याचा_डॉक्टर (रविवार, दुपारी १.४०)

पीएसएम मी घेतो. खानापूरच्या बाजूला पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्र) आहे. पीएसएमला मुलं 'रट्टा' म्हणून नाक मुरडतात आणि ३० प्रश्नांवर पाणी सोडतात. खरं तर यातले बरेच मार्क अंकगणिताचे असतात, फक्त कागदावर मांडायची सवय हवी.

नमुना देतो. एक टेस्ट, सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांना पॉझिटिव्ह दाखवणं) ९०%, स्पेसिफिसिटी (निरोग्यांना निगेटिव्ह दाखवणं) ९०%. गावात १०,००० माणसं, आजार १% लोकांना. म्हणजे आजारी १००, त्यातले ९० पॉझिटिव्ह येतील. निरोगी ९,९००, त्यातले दहा टक्के म्हणजे ९९० फुकट पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १,०८० आणि त्यात खरे आजारी ९०. पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी किती) आली आठ टक्क्यांच्या थोडी वर. आता तीच टेस्ट अशा दवाखान्यात न्या जिथे येणाऱ्यांपैकी २०% लोकांना तो आजार आहे. १०,००० पैकी २,००० आजारी, त्यातले १,८०० पॉझिटिव्ह. ८,००० निरोगी, त्यातले ८०० फुकट पॉझिटिव्ह. २,६०० पैकी १,८००, म्हणजे जवळपास ६९ टक्के. टेस्ट तीच, सेन्सिटिव्हिटी तीच. बदलला तो फक्त आजाराचा प्रादुर्भाव.

हे एकदा स्वतःच्या हाताने मांडलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. आणि शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्या म्हाताऱ्याला घाबरवायचं की नाही हेही कळतं. फळ्यावर खडूने घेऊ. कॅल्क्युलेटर काढला की बाहेर.

अनगोळ_नाका (रविवार, सायंकाळी ६.१०)

मी इथल्याच कॉलेजची इंटर्न, नीट-पीजी देणार. आमच्यासाठी पण जागा आहे का गटात? आणि एक शंका. आमच्याकडे बरोबरला +४, चुकीला −१. २०० प्रश्न, ८०० मार्क. सीनियर म्हणतात, शंभर टक्के खात्री असेल तरच टिक कर. मग माझे ४०-५० प्रश्न रिकामेच राहतात.

मेंदूचा_भुगा (रविवार, सायंकाळी ६.४५)

सीनियरला नमस्कार सांग, पण ऐकू नकोस. चार पर्याय आहेत. डोळे मिटून खूण केली तरी चारात एकदा +४ आणि तीनदा −१, म्हणजे चार प्रश्नांमागे एक मार्क पदरात. दोन पर्याय खोडता आले तर दोन प्रश्नांत +४ आणि −१, म्हणजे प्रश्नामागे सरासरी दीड मार्क. दोन पर्याय खोडल्यावर रिकामं सोडणं म्हणजे हातचे मार्क घालवणं. आणि खोडायला शिकायचं कुठे, तर मॅडमच्या खोलीत.

दुसरं, आता नीट-पीजीत ४० प्रश्नांचे पाच भाग असतात, प्रत्येकाला ४२ मिनिटं. वेळ संपली की तो भाग बंद, परत मागे जाता येत नाही. 'अवघड आहे, शेवटी बघू' ही सवय आजपासून सोड. घरी सराव करतानाही ४२ मिनिटांचाच गजर लाव.

निपाणीकर (रविवार, रात्री ८.३०)

थोडं अवांतर. मुलगी बारावीला आहे. एका एजंटने घरी येऊन 'साडेपाच वर्षं, इंग्लिश मीडियम, परत आल्यावर परीक्षा नावापुरती' असं सांगितलं. पाठवावं का?

जांबोटी_घाट (रविवार, रात्री ९.१५)

काका, 'नावापुरती' हा शब्द ऐकल्यावरच त्याला चहा पाजून वाटेला लावायचं होतं.

परदेशात शिकणाऱ्यांसाठीचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम घेऊन बसा. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याच देशात, त्याच संस्थेत १२ महिन्यांची वेगळी इंटर्नशिप हवी. शिक्षण इंग्रजीतून हवं आणि त्या देशात त्यांच्या नागरिकांसारखाच डॉक्टरकीचा परवाना मिळू शकेल असा कोर्स हवा. सगळं दहा वर्षांच्या आत. परत आल्यावर परीक्षा आणि इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. त्यासाठी आधी राज्याच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, कर्नाटकात राहणार असाल तर बेंगळुरूची. शिवाय परदेशी जायलाही बारावीनंतरच्या नीट-यूजी प्रवेश परीक्षेत पात्र व्हावं लागतं. एजंटच्या 'साडेपाच वर्षां'त यातलं काय काय बसतं ते त्यालाच लिहून मागा. लिहून देणार नाही, पैज लावते.

आणि आधी घरच्या वाटा बघून घ्या. महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव आहे का, मातृभाषेचा आणि रहिवासाचा दाखला कसा काढायचा, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. जागा मोजक्याच असतात, पण कागदांअभावी संधी घालवू नका. दाखल्यांची धावपळ नीटच्या रिझल्टनंतर सुरू केली तर तारखा निघून जातात.

रामदेव_गल्ली (रविवार, रात्री १०.०५)

एवढा खटाटोप कशाला? 'नेक्स्ट' येणार आहे, एफएमजीई बंदच होणार असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. थांबावं का मुलांनी?

मलप्रभाकाठ (रविवार, रात्री १०.४०)

थांबू नये. नेक्स्टची, म्हणजे नॅशनल एक्झिट टेस्टची, तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातच आहे आणि जुलै २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली. एफएमजीई २००२ पासून चालू आहे, साधारण जून आणि डिसेंबरला. समोर जी परीक्षा आहे तिचा अभ्यास करावा. उद्या नेक्स्ट आली तरी बी-१२ आणि फोलेटमधला फरक बदलणार नाही.

अनगोळ_नाका, तू ये. नीट-पीजी आणि एफएमजीईची मुलं मी मुद्दाम एकत्र बसवणार आहे. इथली मुलं वॉर्ड पाहिलेली असतात, परदेशातून आलेली जिद्दीने पेटलेली असतात. एकमेकांना विचारू देत. परदेशातून आलेल्यांना इथे जी एक अदृश्य खालची पायरी दाखवली जाते ना, ती माझ्या खोलीत चालणार नाही.

जांबोटी_घाट (रविवार, रात्री ११.००)

मॅडम, एक सुचवू? शेवटची वीस मिनिटं कन्नडला द्या. इंटर्नशिपला पहिल्याच आठवड्यात गोकाकची एक आजी आली, पोट धरून. मी इंग्रजीत 'रेडिएशन ऑफ पेन' पाठ केलेलं, पण 'दुखणं पाठीकडे जातं का?' हे तिला विचारता येईना. सिस्टरने विचारून सांगितलं. वीसेक वाक्यं पुरतात: कधीपासून, कुठे, जेवल्यावर वाढतं का, लघवी कशी होते, आधी कुठली गोळी चालू आहे. पुढच्या आजीला मी स्वतः विचारलं, तर दुखण्याबरोबर सुनेचीही तक्रार ऐकायला मिळाली.

रामदेव_गल्ली (रविवार, रात्री ११.१०)

म्हणजे मराठी मुलांच्या अभ्यासगटात पण कन्नडसक्ती? वा!

मलप्रभाकाठ (रविवार, रात्री ११.२५)

सीमाप्रश्नाचे धागे इथे भरपूर आहेत, तिकडे जा, मीही येते तिथे भांडायला. इथे पेशंट पोट धरून बसलाय. जांबोटी, वाक्यं तू लिहून आण, देवनागरीत. सक्ती कशाचीच नाही, फळ्यावर लिहून ठेवू, ज्याला हवं तो उतरवून घेईल.

हिंडलगाकर (सोमवार, सकाळी ८.१५)

मॅडमना अनुमोदन. माझी अर्धी सर्जरी कन्नडमध्ये हिस्टरी घेऊनच सुटते.

अथणी_रोड (सोमवार, सकाळी ११.००)

आम्ही दोघं अथणीत आहोत. बेळगावला दर रविवारी येणं जमत नाही. झूमवर सोय कराल का? कॅमेरा फळ्याकडे वळवला तरी पुरे.

मलप्रभाकाठ (सोमवार, दुपारी ३.३०)

झूम नको. फळ्याचा व्हिडिओ हा आणखी एक व्हिडिओच होईल आणि तुम्ही तो झोपून बघाल. तुम्ही दोघं आहात, तेवढे पुरे. शनिवारी रात्री मी २५ प्रश्न पाठवते, उत्तरांशिवाय. रविवारी सकाळी दोघं समोरासमोर बसा. एकाने पर्याय निवडायचा, दुसऱ्याने त्याला बाकीचे तीन का नाहीत ते विचारायचं. जिथे दोघंही अडकाल तेवढेच प्रश्न मला फोटो काढून पाठवा. पाठवताना 'मॅम, आन्सर?' असं लिहाल तर उत्तर मिळणार नाही. कुठल्या दोन पर्यायांत अडकलात आणि का, ते लिहा.

इथल्यांसाठी: येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते. पहिल्या दिवशी रक्ताचे आजार आणि मायक्रो, कारण ते मला येतात. दुसऱ्या रविवारी तालुक्याचे डॉक्टर पीएसएम घेतील. फोन दाराजवळच्या टेबलावर. फी नाही. लेक्चरची अपेक्षा नको. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, त्याला कुणी हसणार नाही. हसणाऱ्याला पुढचा प्रश्न. आत्तापर्यंत नऊ नावं आली आहेत. पंधरापेक्षा जास्त झाले तर दोन गट करू, कारण मोठ्या घोळक्यात मागच्या बाकावर लपता येतं.

अनगोळ_नाका (सोमवार, सायंकाळी ५.१०)

मॅडम, माझी रविवारी नाइट ड्युटी संपते सकाळी ८ ला. तशीच येऊ का? झोप आली तर?

मलप्रभाकाठ (सोमवार, सायंकाळी ५.४०)

झोपून ये. पुढच्या रविवारी ये.

वडगावकर (सोमवार, रात्री ९.३०)

मॅडम, पोरग्याला धागा वाचायला दिलो. काय बोललं नाही. थोड्या वेळानं बाहेर येऊन विचारलं, ते मिथिल का काय ॲसिड लिहिलेल्या मॅडम टिळकवाडीत कुठल्या गेटजवळ राहतात म्हणून. त्याचं नाव लिहून घ्या.